बर्फ, बोल्ट आणि बोटं

मराठी माणसाला यंत्राची भीती वाटत नाही. त्याला भीती वाटते ती यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेची. मिक्सर, गीझर, इन्व्हर्टर, पाण्याचा फिल्टर, यांपैकी कुठलीही वस्तू पुस्तिका वाचून सुरू केल्याचा दाखला आमच्या घराण्यात तरी नाही. पुस्तिका खणात जाते, वॉरंटी कार्डाशेजारी पडून राहते आणि वस्तू बिघडली की दोघं मिळून बेपत्ता होतात. त्यावाचून काही अडत नाही, कारण दुरुस्तीची आपली पद्धत ठरलेली आहे. आधी वस्तूला एक चापट. मग झाकण उघडणं. मग "थांबा, मी बघतो" म्हणून आत बोट घालणं. मिक्सरच्या पात्यात अडकलेलं खोबरं, कुलरच्या पंख्यात गेलेलं कबुतराचं पीस, शिलाई मशिनच्या बॉबिनमधला गुंता, सगळ्यावर एकच इलाज.

या परंपरेत वाढलेली बरीच मंडळी आज अमेरिकेत आणि कॅनडात अशा गावांत राहतात, जिथे वर्षातले चार-पाच महिने दारापासून रस्त्यापर्यंतची वाट बर्फातून काढावी लागते. त्यांच्या गराजमध्ये, सायकली आणि भारतवारीच्या रिकाम्या बॅगा यांच्या मधोमध, एक यंत्र उभं असतं. पुढे लोखंडी जबडा, त्यात आडवी फिरणारी नागमोडी पाती, डोक्यावर हवं तिकडे वळणारं धुराडं आणि मागे धरायला दोन दांडे. याला स्नोब्लोअर म्हणतात. माणसाने त्याच्या मागून चालायचं असतं आणि कुठल्याही परिस्थितीत पुढे जायचं नसतं. आमच्या बोट घालण्याच्या परंपरेला घरातल्या इतर यंत्रांनी आजवर चालवून घेतलं. हे यंत्र घेत नाही.

आम्ही बफेलोला राहतो. न्यूयॉर्क राज्यात असलं तरी हे गाव न्यूयॉर्क शहरापासून मोटारीने सहा-सात तासांवर आहे. पण सातारच्या नातेवाइकांना ते पटत नाही. टीव्हीवर टाइम्स स्क्वेअर दिसला की ते आम्हाला त्यात शोधतात. बफेलो ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला वसलेलं आहे आणि तिथेच सगळी गोम आहे. हिवाळ्याच्या तोंडाला सरोवराचं पाणी वरच्या हवेच्या मानाने अजून उबदार असतं. थंडगार वारा या लांबच्या लांब पाण्यावरून येतो, वाटेत वाफ गोळा करतो आणि किनारा लागला की सगळा माल आमच्या अंगणात उतरवतो. सरोवर गोठलं की हा कारखाना मंदावतो, म्हणून इथले लोक सरोवर गोठण्याची वाट बघत असतात. वर्षाला सरासरी आठ फुटांच्या आसपास बर्फ पडतो. तरीही आमचा मान पहिला नाही. राज्याच्या या भागातल्या पाच शहरांत सर्वांत जास्त बर्फासाठी 'गोल्डन स्नोबॉल' नावाची ढाल आहे आणि ती बहुतेक वेळा सिरॅक्यूजवाले नेतात. यावर इथले लोक खरोखर हळहळतात.

सरोवराच्या या बर्फाचा पट्टा फार अरुंद असतो. 2014 च्या नोव्हेंबरात शहराच्या दक्षिणेकडच्या उपनगरांत पाच फुटांवर बर्फ साचला होता आणि काही मैल उत्तरेला जेमतेम काही इंच. आम्ही उत्तरेला, अ‍ॅम्हर्स्टमध्ये. आमचे साडू दक्षिणेला, ऑर्चर्ड पार्कमध्ये. फोनवर त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे किती?" मी म्हटलं, "चार बोटं." बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाले, "आमच्याकडे दार उघडलं की आत दुसरं दार आहे. पांढरं." तेव्हापासून त्यांची ठाम समजूत आहे की हवामानखात्यात आमची ओळख आहे.

आता हे सगळं फावड्याने उपसायला काय हरकत आहे, असं भारतातून विचारलं जातं. विचारणाऱ्याने जरा गुणाकार करावा. साठ फूट लांब, वीस फूट रुंद अंगण, त्यावर आठ इंच बर्फ. तो पिसासारखा हलका असला तरी वजन टनाच्या वर जातं आणि ओला असला तर त्याच्या कितीतरी पट. कडाक्याच्या थंडीत, सकाळी उठल्या उठल्या, एरवी कीबोर्डपलीकडे काही न उचलणाऱ्या माणसाने हे वजन उचलायचं. बर्फ उपसताना हृदयविकाराचा झटका येणं ही इथली दर हिवाळ्याची बातमी आहे. तेव्हा पन्नाशीनंतर यंत्र घेणं हा आळस नाही, असं मी घरात अनेकदा सांगितलं आहे. घरातून दुजोरा अजून आलेला नाही.

साडूंनी यंत्र घ्यायचं ठरवलं तेव्हा सल्लागार म्हणून मला नेलं. म्हणजे मी गाडी चालवायची आणि त्यांनी दुकानात बोलायचं. ते मेकॅनिकल इंजिनिअर आहेत आणि ही गोष्ट दुकानदाराला पहिल्या मिनिटात कळते. दुकानात मुख्यतः दोन जाती होत्या. पहिली सिंगल स्टेज. यात रबरी कडेची पाती जमिनीला घासून बर्फ उचलतात आणि त्याच झटक्यात बाहेर भिरकावतात. हलकं, स्वस्त, डांबरी किंवा सिमेंटच्या अंगणावर वीतभर बर्फासाठी छान. खडीच्या वाटेवर मात्र ते बर्फाबरोबर खडीही भिरकावतं, आणि शेजाऱ्याची काच किती अंतरावर आहे याचा शोध लागतो. दुसरी जात टू स्टेज. यात पुढची नागमोडी पाती, म्हणजे ऑगर, बर्फ फोडून मध्यभागी ओढतात. तिथे मागे एक जोरात फिरणारा पंखा, म्हणजे इम्पेलर, तो बर्फ धुराड्यातून चाळीस-पन्नास फूट उडवतो. चाकांना इंजिनची ताकद असते, पुढे जायचे पाच-सहा वेग आणि मागे यायचे एक-दोन. ऑर्चर्ड पार्कला राहणाऱ्या माणसाने दुसऱ्या जातीचं यंत्र घ्यावं, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. साडूंनी दीड तास विचार केला.

यंत्र खोक्यातून अर्धवट जोडलेलं येतं. दांडे उभे करायचे, धुराडं बसवायचं, ते फिरवण्याची दांडी जोडायची, केबली अडकवायच्या. पुस्तिका वरच होती. मेव्हणीबाईंनी ती उचलली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली, तेव्हा साडू म्हणाले, "अगं, ती सामान्य माणसांसाठी असते." मेव्हणीबाई वाचत राहिल्या. इंजिनात अनेकदा तेल भरलेलं नसतं, ते आधी भरायचं, हे त्यांच्यामुळे कळलं. तसंच सुरू केलं असतं तर इंजिन पहिल्याच दिवशी संपलं असतं. चाकांत प्रवासासाठी जास्त हवा भरलेली असते, ती टायरवर लिहिलेल्या आकड्यापर्यंत आणि दोन्हीकडे सारखी करायची, नाहीतर यंत्र सतत एकीकडे ओढतं, हेही त्यांच्याचमुळे कळलं. त्या घरात यंत्र दोघांच्या नावावर असावं असं माझं तेव्हापासून मत आहे.

मग आला तो बोल्ट. ऑगरची पाती आणि मधला दांडा यांना जोडणारी एक बारीक पिन असते, शिअर पिन. ती मुद्दाम कच्ची बनवलेली असते. जबड्यात दगड, गोठलेलं ढेकूळ किंवा पोराची विसरलेली हॉकी स्टिक आली, की ही पिन तुटते आणि पाती सुटी होतात, म्हणून गिअरबॉक्स वाचतो. पिनेला दोन-चार डॉलर पडतात आणि गिअरबॉक्सला शेकडो. साडूंनी पिन हातात घेतली, उलटसुलट केली आणि दुःखाने म्हणाले, "किती फडतूस माल वापरतात! मी यात हाय टेन्साइल बोल्ट टाकतो, जन्मात तुटणार नाही." खरं आहे, बोल्ट जन्मात तुटला नसता. त्याच्या ऐवजी सगळं तुटलं असतं. मुद्दाम तुटण्यासाठी बनवलेली वस्तू मराठी इंजिनिअरला बघवत नाही. त्याने आयुष्यभर रबरबँड, एम-सील आणि तारेच्या जोरावर वस्तू टिकवलेल्या असतात. कंपनीच्याच पिना विकत घ्याव्यात, दोन-तीन जास्तीच्या घ्याव्यात आणि त्या यंत्राजवळच ठेवाव्यात, कारण पिन नेहमी रविवारी पहाटे, दुकानं बंद असताना तुटते.

जबड्याच्या दोन बाजूंना घसरणारे लोखंडी तळवे असतात, स्किड शूज. जबड्याची खालची पट्टी जमिनीपासून किती वर राहावी हे त्यांच्यावर ठरतं. सपाट डांबरी अंगणाला तीनेक मिलिमीटर पुरे. खोक्याचा पुठ्ठा पट्टीखाली सरकवायचा, तळवे जमिनीला टेकवायचे, नट आवळायचे, काम झालं. खडीची वाट असेल तर इंचभर तरी वर. साडूंना थोडाही बर्फ मागे राहिलेला चालत नाही, म्हणून त्यांनी अंतर शून्य ठेवलं होतं. फरशीची जरा वर आलेली कड पट्टीला लागायची आणि यंत्र जागच्या जागी थांबायचं. दांडे त्यांच्या पोटात. दोन दिवसांनी त्यांनीच गुपचूप पुठ्ठा शोधला.

दोन्ही दांड्यांवर एकेक पट्टी असते. एक दाबली की चाकं चालतात, दुसरी दाबली की पाती फिरतात, सोडली की काही सेकंदांत थांबायला हवीत. यंत्राच्या साऱ्या सुरक्षेचा जीव या सोडण्यात आहे. माणूस घसरून पडला तर त्याची बोटं सुटतात आणि यंत्र त्याच्यावर चालून जात नाही. पट्टी सोडूनही पाती फिरत राहिली तर केबलचा ताण चुकला आहे आणि तो नीट केल्याशिवाय यंत्र बाहेर काढायचं नाही. अर्धा तास पट्टी दाबून धरली की मनगट भरून येतं, हे खरं. त्यावर साडूंचा तोडगा तयार होता, "नाडी बांधू या." म्हणजे पायजम्याची. ज्या क्षणी ती नाडी बांधली जाते, त्या क्षणी यंत्राला मालकाची गरज संपते. मेव्हणीबाईंनी पायजमे कपाटात कुलूपबंद केल्याचं समजतं.

एका गोष्टीत मात्र मराठी माणूस इथल्यांपेक्षा पुढे जाऊ शकतो. खंडेनवमीला आपण अवजारांची पूजा करतो आणि ती नेमकी बर्फ सुरू होण्याच्या महिना-दीड महिना आधी येते. त्या दिवशी यंत्र गराजबाहेर काढावं, हळदकुंकू वाहावं आणि त्यातच तेल बघावं, पट्टे बघावेत, पिना बघाव्यात, गेल्या वर्षीचं उरलेलं पेट्रोल काढून टाकावं. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असतं. ते महिनोन् महिने टाकीत पडलं की कार्ब्युरेटरमध्ये राळ जमते आणि पहिल्या बर्फाच्या सकाळी इंजिन नुसतं खोकतं. टिकाऊपणाचं औषध मिळतं, ते पेट्रोल आणतानाच कॅनमध्ये टाकावं. झेंडूची माळ घातली असेल तर यंत्र सुरू करण्याआधी काढावी. नारळ फोडलात तर करवंट्या उचलाव्यात. पाती करवंटी आणि बर्फ यांत फरक करत नाहीत.

बर्फ पडण्याआधी अंगणाचीही पाहणी करावी. दोन्ही कडांना रंगीत काठ्या रोवाव्यात, कारण दीड फूट बर्फाखाली गवत कुठे संपतं आणि वाट कुठे सुरू होते हे यंत्राला कळत नाही आणि आपल्यालाही. पायपुसणं, पाण्याची नळी, दिवाळीपासून नाताळपर्यंत राहणाऱ्या दिव्यांच्या माळेची वायर, ही सगळी उचलावीत. सर्वांत मोठा शत्रू म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पहाटे टाकलेलं वर्तमानपत्र. ते पात्यात गेलं की असं घट्ट बसतं की पिन तुटते आणि आतली बातमी मात्र वाचता येते.

यंत्र सुरू करायचं ते बाहेर. गराजचं दार उघडं ठेवलं आणि आतच सुरू केलं तर चालतं, हा समज घातक आहे. इंजिनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो घरात शिरतो. पेट्रोलही थंड इंजिनात, बाहेर भरायचं. मफलर, ओढणी, कानटोपीच्या लोंबत्या दोऱ्या यांना यंत्राजवळ मज्जाव. आईने सोलापूरहून विणून पाठवलेला सात हात लांब मफलर कितीही प्रेमाचा असला तरी तो व्हिडिओ कॉलवर घालावा.

वाऱ्याचं तंत्र एकदा समजलं की सोपं आहे. वारा ज्या दिशेला वाहतो त्याच दिशेला धुराड्याचं तोंड. उलट केलं तर आपणच फेकलेला बर्फ आपल्याच डोळ्यांत येतो, आणि मग शेजारी पडद्याआडून बघतात. आमच्या समोरचे पोलिश आजोबा ऐंशीच्या घरातले आहेत. त्यांनी आयुष्यभर इथला बर्फ काढला. ते मधल्या रेषेपासून सुरुवात करतात, एक पट्टा इकडे, एक पट्टा तिकडे, फेकलेल्या बर्फावरून पुन्हा जावं लागत नाही. बर्फ जड असला की वेग सगळ्यांत कमी ठेवून अर्ध्या जबड्याएवढाच घास घेतात. चढावर आडवं कधीच नेत नाहीत, वर-खाली नेतात. आम्ही तरुण मंडळी पूर्ण घास, पूर्ण वेग घेऊन निघतो आणि आजोबा आमच्या आधी आत जाऊन कॉफी पितात.

तुमचं सगळं आवरलं, वाट काळीभोर दिसू लागली, की नगरपालिकेचा बर्फ ढकलणारा ट्रक येतो. तो रस्ता साफ करत जाताना तुमच्या वाटेच्या तोंडाशी ढिगारा ठेवून जातो. घट्ट, घाणेरडा, मिठाने ओलसर. तो ट्रक मुद्दाम टपून बसलेला असतो, असं आमच्या मराठी मंडळात सर्वानुमते मान्य झालेलं आहे. हा बर्फ परत रस्त्यावर फेकणं अनेक ठिकाणी गुन्हा आहे. शेजाऱ्याच्या बाजूला फेकणं गुन्हा नसेल, पण त्याची शिक्षा उन्हाळ्यातही चालू राहते.

आणि नेमका हाच ओला ढिगारा धुराडं तुंबवतो.

तुंबण्याचा हा दोष वारशातला आहे, कारण या यंत्राचा पूर्वज शेतातला आहे. मॉन्ट्रियलजवळचा शेतकऱ्याचा मुलगा आर्थर सिकार याने मळणी यंत्र बघून बर्फ ओढून फेकण्याची कल्पना काढली, 1925 मध्ये यंत्र उभं केलं आणि 1927 मध्ये पहिलं यंत्र ऊत्रमाँ या गावाला विकलं. ते ट्रकवर बसवलेलं होतं. मागून चालण्याजोगी यंत्रं नंतरची, टोरो आणि एरियन्ससारख्या अमेरिकन कंपन्यांनी 1950 ते 1960 च्या सुमारास घरोघरी पोहोचवलेली. पण मळणी यंत्राचे गुण आणि दोष दोन्ही त्यांच्यात उतरले. आपल्याकडे मळणी यंत्रात पेंढी सारताना इतके हात गेले की संसदेला 1983 मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. तिकडे कणसं, इकडे बर्फ. तोंडाशी हात नेण्याचा मोह तोच.

स्नोब्लोअरने होणाऱ्या जखमांत हाताची बोटं सर्वांत पुढे असतात आणि बरेचसे प्रसंग तुंबलेलं धुराडं मोकळं करताना घडतात. यात मूर्ख माणसंच सापडतात असं समजू नये. डेन्व्हरच्या कॉलोरॅडो अ‍ॅव्हलान्च संघाचा तेव्हाचा कर्णधार, आइस हॉकीतला दिग्गज जो सॅकिक, 2008 च्या डिसेंबरात घरच्या स्नोब्लोअरमध्ये हात गेल्याने तीन बोटं मोडून बसला. ज्याच्या मनगटाच्या फटक्याला सगळं जग दचकत होतं, त्याची ही गत. संघाचं नाव 'हिमस्खलन' असावं, हा दैवाचा विनोद मला फारसा आवडला नाही.

फसवणूक अशी की तुंबलेलं यंत्र शांत दिसतं. पाती थांबलेली, पंखा थांबलेला. आपण इंजिनही बंद करतो आणि स्वतःच्या शहाणपणावर खूश होऊन हात घालतो. पण अडकलेल्या पात्यांमागे पट्ट्यांत ताण राहू शकतो. बर्फाचा गठ्ठा सुटला की पाती एक झटका खातात, इंजिन बंद असतानाही, आणि तेवढा झटका पुरतो. साडूंच्या यंत्राचं धुराडं पहिल्यांदा तुंबलं तेव्हा मी तिथेच होतो. ते म्हणाले, "थांबा, मी बघतो," आणि हातमोजा काढू लागले. मेव्हणीबाई खिडकीतून एवढंच म्हणाल्या, "पान चौदा." पान चौदावर काठीचं चित्र होतं.

त्या काठीबद्दल सांगून संपवतो. बहुतेक यंत्रांच्या अंगावरच, खाचेत खोचलेली, प्लॅस्टिकची एक साफसफाईची काठी कंपनी देते. तुंबलं की दोन्ही पट्ट्या सोडा, इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात टाका, सगळं थांबेपर्यंत थांबा आणि मगच काठीने बर्फ मोकळा करा. हाताने नाही, पायाने नाही, मफलरच्या टोकाने तर नाहीच. काठी पोरांनी क्रिकेटच्या स्टंपसाठी नेली असेल तर परत आणा. हरवली असेल तर नवी मागवा, ती स्वस्तात मिळते.